पाचशे पेशी, पंचवीस डायसेंट्रिक: मग डोस किती?

रक्तातल्या ५०० पेशी पाहिल्या, २५ डायसेंट्रिक (किरणांमुळे तुटून चुकीची जोडली गेलेली गुणसूत्रं) सापडली. किरणांचा डोस किती बसला?

या प्रश्नाची निदान तीन उत्तरं आहेत: ०.६९ ग्रे, १.६ ग्रे आणि ३.८ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं एकक). तिन्ही एकाच आकड्यातून आणि एकाच आलेखावरून निघतात. पहिल्या माणसाला बहुधा काहीच जाणवणार नाही. तिसऱ्याच्या अंगाचा जो भाग किरणांत सापडला, तिथली कातडी लाल होईल, केस गळतील. कुठलं उत्तर कधी खरं, ते शेवटी बघू. त्याआधी मुळात त्या २५वर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवावं लागतं, आणि ते ठरतं रक्ताच्या नळीपासून.

इंदुरात हा विषय नुसता पुस्तकी नाही. राजा रामण्णा केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रं आहेत, कर्करोगाच्या रुग्णालयांत किरणोपचाराची कोबाल्ट आणि लिनॅक यंत्रं आहेत, एक्स-रेखाली हृदयाच्या नळ्या तपासणाऱ्या कॅथलॅब आहेत. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांच्या छातीवर डोस मोजणारा टीएलडी बिल्ला असतो. त्यात कॅल्शियम सल्फेट-डिस्प्रोशियमच्या तीन चकत्या. बिल्ला प्रामाणिक असतो, पण तो स्वतःचा डोस सांगतो, माणसाचा नाही. एप्रनला टोचलेला बिल्ला एप्रनसकट एक्स-रेच्या खोलीत खुंटीवर लटकत राहिला, तर तो आठवडेच्या आठवडे डोस खात बसतो आणि माणूस घरी पोहे खात असतो. उलटही होतं: माणूस आत आणि बिल्ला ड्रॉवरमध्ये. अशा भांडणात शेवटी रक्तालाच विचारायचं.

मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे किरणक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी मर्यादा आहे ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३०. गॅमा किरणांसाठी डायसेंट्रिक चाचणीला साधारण ०.१ ग्रेच्या खालचं दिसत नाही, म्हणजे १०० मिलीसिव्हर्ट. त्यामुळे ‘बिल्ल्यावर ३५ आले, रक्त तपासा’ असं म्हणण्यात अर्थ नाही. तिथे ही चाचणी आंधळी आहे. तेच सीटी स्कॅनचं. छातीच्या सीटीचा डोस १० मिलीसिव्हर्टच्या आत-बाहेर असतो. ‘दोनदा सीटी झाला, गुणसूत्रं तपासून घेऊ का?’ याला उत्तर: नको, काही कळणार नाही.

आता नळी. हिरव्या टोपणाची, हेपरिनची, तीही लिथियम हेपरिन असेल तर उत्तम. सगळ्यात जास्त नमुने इथेच वाया जातात, कारण सीबीसीच्या सवयीने हात जांभळ्या टोपणाच्या ईडीटीएकडे जातो. ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय लिम्फोसाइट (ज्यांची गुणसूत्रं बघायची ती पांढरी रक्तपेशी) जागाच होत नाही. ४८ तासांनी स्लाइडवर नुसती केंद्रकं दिसतात, एकही मेटाफेज (विभाजनाच्या मध्यावरची, गुणसूत्रं वेगळी दिसणारी पेशी) नाही, आणि तोवर रक्त जुनं झालेलं असतं. ५ ते १० मिली घ्या, नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करा, हलवून फेस काढू नका.

शरीराच्या एका भागालाच किरणं लागल्याचा संशय असेल तर रक्त लगेच घेऊ नका. निदान २४ तास जाऊ द्या, म्हणजे मार बसलेले आणि न बसलेले लिम्फोसाइट रक्तात नीट मिसळतात. फार उशीरही नको. ज्या पेशींत डायसेंट्रिक आहे त्या हळूहळू कमी होत जातात. हिशेबात बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचा अर्धायुकाल धरतात. पहिले चार आठवडे सोन्याचे.

रक्त बाहेरगावी पाठवायचं असेल तर १८ ते २४ अंशांत. बर्फावर ठेवायचं नाही, गोठवायचं तर मुळीच नाही. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत डबा तासभर उन्हात राहिला की रक्त शिजल्यातच जमा. थर्माकोलच्या डब्यात खोलीच्या तापमानाला आणलेले जेल-पॅक, नळीभोवती कापूस, आत तापमानाची नोंद ठेवणारा छोटा लॉगर, आणि विमानाने जात असेल तर डब्यावर ठळक ‘एक्स-रे करू नये’. चाचणी किरणांची आणि नमुना विमानतळावरच्या एक्स-रे यंत्रातून गेलेला, असा विनोद कागदोपत्री फार वाईट दिसतो.

रक्तासोबत एक पानभर माहितीही हवी: संशयित दिवस आणि वेळ, किती वेळ, कुठली किरणं, अंगाची कुठली बाजू, आधी कधी रेडिओथेरपी किंवा किरणोत्सारी आयोडीन-१३१ घेतलंय का. हे पान नसेल तर वरच्या तीन उत्तरांतून निवड करायला आधारच राहत नाही.

कल्चर सोपं आहे, पण घड्याळाला बांधलेलं आहे. ०.५ मिली रक्त, ४.५ मिली आरपीएमआय-१६४०; त्यात १० ते १५ टक्के फीटल काफ सीरम, ग्लुटामिन, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन, आणि शेवटी ०.१ मिली पीएचए. पीएचए म्हणजे राजम्यातून काढलेलं प्रथिन, तेच ज्याच्यामुळे कच्चा राजमा पोटाला झोंबतो. रक्तातले लिम्फोसाइट एरवी झोपलेले असतात. पीएचए लागलं की टी-लिम्फोसाइट जागे होऊन विभाजनाला लागतात. पीटर नॉवेल यांनी १९६०मध्ये हे दाखवलं आणि रक्तातून गुणसूत्रं बघणं रोजच्या कामाचं झालं. ३७ अंशांवर ठेवा, आणि घड्याळ पीएचए घातल्यापासून मोजा.

एकूण ४८ तासच का? कारण आपल्याला पहिल्याच विभाजनातली पेशी हवी आहे. डायसेंट्रिक म्हणजे दोन कमरांचं गुणसूत्र (कंबर म्हणजे सेंट्रोमिअर, विभाजनात गुणसूत्र जिथून ओढलं जातं ती जागा): दोन गुणसूत्रं तुटली आणि त्यांची टोकं चुकीची जोडली गेली. विभाजनात त्याच्या दोन कमरा दोन दिशांना ओढल्या गेल्या तर ते अडकतं, तुटतं किंवा पेशीच मरते. दुसऱ्या विभाजनापर्यंत साधारण निम्मी डायसेंट्रिक गायब झालेली असतात आणि त्यांच्यासोबतचे तुकडेही हरवलेले असतात. इन्क्युबेटर ३८वर चालत असेल तर पेशी पळतात आणि ४८ तासांत दुसऱ्या फेरीच्या पेशी मिसळतात. ३६वर असेल तर पहिल्याच कमी मिळतात. म्हणून इन्क्युबेटरच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, पाण्याच्या बाटलीत बुडवलेला वेगळा थर्मामीटर आत ठेवा. संशय नको असेल तर कल्चरमध्ये ब्रोमोडीऑक्सियुरिडीन घाला. दुसऱ्या विभाजनातल्या गुणसूत्रांची एक बाजू फिकी, एक गडद रंगते आणि त्या पेशी लगेच बाजूला काढता येतात. हे घातलं की कल्चर अंधारात ठेवायचं. उजेडात गुणसूत्रं आपोआप तुटतात आणि ती तूट मग किरणांच्या नावावर जमा होते.

४५व्या तासाला कोल्सेमिड (पेशींना मेटाफेजवर थांबवणारं रसायन), ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मिली. ५ मिली कल्चरला १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या स्टॉकमधले ५० मायक्रोलिटर. ‘जास्त मेटाफेज मिळतील’ म्हणून दुप्पट घातलं तर मेटाफेज मिळतात खरे, पण गुणसूत्रं आखूड, गुटगुटीत होतात आणि कंबर कुठे आहे तेच दिसत नाही. आपल्याला कमराच मोजायच्या आहेत.

मग हार्वेस्ट, म्हणजे कल्चरमधून पेशी काढून घेणं. साधारण २०० जीला दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज, वरचं द्रव टाकून ३७ अंशांवर ऊन केलेलं ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइड, लिटरला ५.६ ग्रॅम. दहा ते पंधरा मिनिटं. पेशी पाणी पिऊन फुगतात आणि गुणसूत्रं सुटी होतात. ही युक्ती १९५२मध्ये टी. सी. शू यांच्या हाती चुकून पातळ झालेल्या द्रावणामुळे लागली. माणसात ४६ गुणसूत्रं आहेत हे नक्की व्हायला त्यानंतर आणखी चार वर्षं गेली. वेळ कमी पडली तर गुणसूत्रं मोळीसारखी एकत्र राहतात. जास्त झाली तर पेशी फुटतात आणि स्लाइडवर ४१, ४३, ४४ असे अर्धवट मेटाफेज मिळतात.

फिक्सेटिव्ह म्हणजे तीन भाग मिथेनॉल, एक भाग ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड, दर वेळी ताजं. सकाळचं उरलेलं संध्याकाळी चालत नाही. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि दोघांचा एस्टर बनत जातो. पहिला हप्ता थेंब-थेंब, नळी हलवत. एकदम ओतलं की पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात आणि त्या पुन्हा कधीच मोडत नाहीत. पहिल्या वेळी सगळं चॉकलेटी होतं. फुटलेल्या लाल पेशींचा रंग आहे तो, घाबरायचं कारण नाही. तीनदा बदला, द्रव पाण्यासारखं स्वच्छ दिसेपर्यंत.

आता जिथे इंदूरचं हवामान मध्ये पडतं ती जागा: स्लाइडवर थेंब टाकणं. नियमाप्रमाणे खोलीत २० ते २५ अंश आणि ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा पापड वाळवायला उत्तम, मेटाफेज पसरायला वाईट. थेंब काचेवर पडतो, कडेपासून आत सुकत येतो, आणि मधल्या भागाला पसरायला वेळच मिळत नाही. मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली, भोवती पेशीद्रव्याचं करडं कडं. अशी स्लाइड मोजायला बसलात तर खोटी डायसेंट्रिक सापडतात, कारण एकावर एक पडलेली दोन गुणसूत्रं दोन कमरांची दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये उलट होतं. थेंब सुकता सुकत नाही, पेशी पसरत जातात आणि शेजारच्या दोन मेटाफेजची गुणसूत्रं एकमेकांत मिसळतात.

उन्हाळ्यात काय करायचं? स्लाइड फ्रिजमध्ये डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, ओली आणि थंडच बाहेर काढा, तिरपी धरून दोन थेंब सोडा. काचेकडे तिरकस उजेडात बघत राहा. आधी पृष्ठभाग चकचकीत असतो, मग त्यावर इंद्रधनुषी कडी फिरतात, आणि एका क्षणी तो दाणेदार दिसतो. तो क्षण आला की स्लाइड ६० अंशांच्या वॉटर बाथच्या वाफेवर दोन-तीन सेकंद धरायची. पेशी तिथे उघडते. खोलीत एसीऐवजी साधा घरगुती कूलर लावणं हाही उपाय आहे; एसी हवा कोरडी करतो, कूलर ओली. पावसाळ्यात मात्र वाफ नको, कोरडी स्लाइड घ्या आणि गरम प्लेटवर ठेवा. एक स्लाइड टाका, फेज कॉन्ट्रास्टमध्ये बघा, मग पुढच्या टाका. आंधळेपणाने वीस स्लाइड टाकून नंतर रडण्यात काही अर्थ नाही.

रंग गिम्झाचा, ४-५ टक्के, ६.८ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये, पाच ते दहा मिनिटं. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनेच. नळाला नर्मदेचं पाणी येतं, प्यायला गोड असलं तरी त्यातले क्षार काचेवर पांढरे ठिपके सोडतात आणि ते नेमके गुणसूत्रांच्या तुकड्यांएवढे दिसतात.

मोजणीचा नियम एकच, पण तो मोडायचा मोह सतत होतो: ४६ कमरा असलेलीच पेशी घ्यायची. ‘डायसेंट्रिक दिसतंय, ४४ असल्या तरी घेऊ’ हे चालणार नाही, कारण मग हानी झालेल्या पेशी तुम्ही शोधून शोधून घेताय. हिशेब असा बसतो: डायसेंट्रिकमध्ये दोन कमरा आणि त्याच्यासोबत कंबर नसलेला एक तुकडा, म्हणून एकूण नग ४६ आणि कमराही ४६. रिंग (कड्यासारखं जोडलं गेलेलं गुणसूत्र) असेल तर रिंग आणि तिचा तुकडा मिळून नग ४७, कमरा ४६. तीन कमरांचं गुणसूत्र दोन डायसेंट्रिक म्हणून धरायचं, सोबत दोन तुकडे असायला हवेत. तुकडा नसेल तर संशय घ्या: एकतर ती टोकाला टोक लागलेली दोन वेगळी गुणसूत्रं आहेत, किंवा पीळ पडलेली क्रोमॅटिड (गुणसूत्राच्या जोडीतला एक धागा) आहे, किंवा पेशी दुसऱ्या विभाजनातली आहे. १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांची छोटी टोकं एकमेकांना चिकटून बसण्याची सवय आहे, ती आधी ओळखायला शिका. स्लाइडवर नाव नको, नुसता सांकेतिक क्रमांक. बिल्ल्याचा आकडा मोजणाऱ्याला कळता कामा नये.

किती पेशी? ५०० पेशी किंवा १०० डायसेंट्रिक, जे आधी होईल ते. मोठ्या अपघातात शेकडो माणसं रांगेत असतील तर माणशी ५० पेशींवर भागवतात. मग अहवालात ‘शून्य’ आलं म्हणजे काय? उदाहरणापुरता कोबाल्टच्या गॅमाचा आलेख असा धरू: प्रति पेशी डायसेंट्रिक = ०.००१ + ०.०३ × डोस + ०.०६ × डोसचा वर्ग. यातला ०.००१ म्हणजे किरणं न लागताही सापडणारी हजारात एक. प्रत्यक्षात आलेख ज्या-त्या प्रयोगशाळेने स्वतःच्या रक्तावर, स्वतःच्या स्रोतावर आणि स्वतःच्या मोजणाऱ्यांकडून काढलेलाच वापरायचा. या आलेखावर ५० पेशींत शून्य सापडलं, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की डोस ०.९ ग्रेहून जास्त नाही. ५०० पेशींत शून्य असेल तर ०.१६. हजारात शून्य असेल तर ०.०८. म्हणून ५० पेशींतलं शून्य म्हणजे क्लीन चिट नव्हे. ते वाचून कुणाला घरी पाठवणारा अहवाल लिहू नये.

आता ते २५. ५००मध्ये २५ म्हणजे प्रति पेशी ०.०५. आलेखात टाकलं की ०.६९ ग्रे, नुसती मोजणीतली अनिश्चितता धरली तरी ०.५२ ते ०.८८. हे खरं केव्हा? डोस सगळ्या अंगाला सारखा आणि थोड्या वेळात मिळाला असेल तेव्हा.

पण डोस कित्येक आठवड्यांत थोडा थोडा मिळाला असेल तर वर्गाचं पद जवळजवळ नाहीसं होतं. डायसेंट्रिकला दोन तुटी एकाच वेळी हव्यात. पेशी पहिली तूट सरासरी दोनेक तासांत दुरुस्त करत असते, त्यामुळे दुसरी तूट येईपर्यंत पहिली बुजलेली असते. मग फक्त सरळ रेषेचं पद उरतं: ०.०४९ भागिले ०.०३, म्हणजे १.६ ग्रे. रोज थोडं थोडं खाल्लेल्या माणसाला पहिलं उत्तर दिलंत तर तुम्ही त्याचा डोस निम्म्याहून कमी सांगितलात.

तिसरं उत्तर स्लाइडवरच लिहिलेलं असतं, वाचलं तर. ते २५ पेशींत वाटले गेलेत कसे ते बघा. सगळ्या अंगाला सारखी किरणं लागली असतील तर पॉयसॉनच्या (योगायोगाने वाटले जाण्याच्या) नियमाने २३ पेशींत एक-एक आणि एका पेशीत दोन, अशी मांडणी अपेक्षित आहे. तिचं प्रचरण (व्हेरियन्स) भागिले सरासरी १.०३ येतं, यू-मूल्य (मांडणी पॉयसॉनपासून किती हटली याचं माप) ०.५, सगळं ठीक. पण समजा ९ पेशींत एक-एक, ५ पेशींत दोन-दोन, २ पेशींत तीन-तीन आहेत. बेरीज तीच २५. प्रचरण भागिले सरासरी मात्र १.८३, आणि यू १३च्या वर, जिथे १.९६ ओलांडलं की शंका घ्यायची. म्हणजे बहुतेक पेशींना काहीच झालेलं नाही आणि थोड्या पेशी चांगल्याच भाजून निघाल्यात. डॉल्फिन यांच्या रीतीने फक्त हानी झालेल्या १६ पेशींवरून मागे जायचं: २५ भागिले १६ म्हणजे १.५६, त्यावरून किरणं लागलेल्या पेशींत प्रति पेशी ०.९७ डायसेंट्रिक, त्यावरून डोस ३.८ ग्रे. मोजलेल्या पेशींपैकी अशा पेशी जेमतेम ५ टक्के. पण एवढ्या डोसला पुष्कळ पेशी विभाजनापर्यंत पोचतच नाहीत, ती घट धरली की शरीराचा १४ ते १८ टक्के भाग निघतो. २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-६० भंगारात फिरला, तसल्या घटनेत डोस एका झटक्यात सगळ्या अंगाला सारखा मिळत नसतो, आणि वरची दोन्ही गुंतागुंत एकाच माणसात येते.

यासाठी मोजणीच्या कागदावर ‘एकूण’ एवढंच न लिहिता शून्यवाल्या, एकवाल्या, दोनवाल्या पेशींचे वेगळे रकाने ठेवा. ते नसतील तर पुन्हा स्लाइडपाशी बसावं लागतं.

बाकीच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. सायटोकॅलेसिन-बीने पेशी दोन केंद्रकांवर अडवून मायक्रोन्यूक्लिअस, म्हणजे मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेलं छोटं केंद्रक, मोजणं (फेनेक आणि मोर्ली, १९८५) शिकायला सोपं आणि वेगवान. पण ७२ तास लागतात, वय वाढेल तसा मुळातला आकडा वाढतो, स्त्रियांमध्ये तो अधिक असतो, आणि ०.२-०.३ ग्रेखाली काही दिसत नाही. गामा-एच२एएक्सचे (डीएनएच्या तुटीपाशी दिसणाऱ्या प्रथिनाचे) चमकते ठिपके किरणं लागल्यावर अर्ध्या तासात सर्वाधिक आणि दिवसभरात बरेचसे विझलेले. रक्त त्याच दिवशी हाती आलं तरच. कॉमेट चाचणी (तुटलेला डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा दिसतो ती) सुंदर दिसते, पण ती तुटी दाखवते, कारण दाखवत नाही. अपघाताचा डोस काढायला आम्ही तिच्यावर भिस्त ठेवणार नाही. कित्येक वर्षं जुन्या घटनेसाठी फिशने (गुणसूत्रं चमकत्या रंगांनी रंगवण्याची रीत) ट्रान्सलोकेशन, म्हणजे गुणसूत्रांमधल्या तुकड्यांच्या अदलाबदली, बघायची, कारण ती विभाजनात टिकतात.

उरलेला पेशींचा गाळ ताज्या फिक्सेटिव्हमध्ये उणे २० अंशांवर, घट्ट झाकणाच्या नळीत ठेवा. दुसऱ्या मोजणाऱ्याचा आकडा जुळला नाही तर त्यातूनच नव्या स्लाइड टाकता येतात. मे महिन्यात टाकलेल्या वाईट स्लाइडींचं काम ऑक्टोबरमध्ये निभावतं.